दोन इंच फोम आणि ॲडमिनचे हक्क
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. बोललेला मजकूर किरकोळ दुरुस्त्या करून स्मरणिकेसाठी दिला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण’. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते म्हणून. मी त्यांना म्हटलं, त्यावर मुलांना मोबाइलवर हवं तेवढं ऐकायला मिळतं. मला राजकारणावर बोलू द्या. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. मग विचारलं गेलं, “म्हणजे कुठल्या बाजूनं?” हा प्रश्न मला अपेक्षितच होता, आणि या भाषणाचं कारणही तोच प्रश्न आहे. त्या कारणाकडे मी शेवटी येते, कारण ते सांगायला मला अजून थोडा धीर गोळा करायचाय.

मी कुठल्याच चालू पक्षाबद्दल बोलणार नाहीये. आपल्याच मतदारसंघातून लोकसभेत गेलेल्या दोन माणसांबद्दल बोलणार आहे. तेव्हा त्याचं नाव राजापूर मतदारसंघ होतं. आता ते नावही राहिलं नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालं. पण आपल्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी याच दोघांना मतं दिली किंवा दिली नाहीत. माझी आजी तर शेवटपर्यंत “झोपडीक मत” असंच म्हणायची. झोपडी ही प्रजासमाजवादी पक्षाची निशाणी. तो पक्ष कधीच संपला होता, पण आजीच्या लेखी निवडणूक म्हणजे झोपडी.

पहिले बॅरिस्टर नाथ पै. जन्म वेंगुर्ल्याचा, 1922 सालचा. 1957, 1962 आणि 1967, तीन वेळा आपण त्यांना लोकसभेत पाठवलं. 18 जानेवारी 1971 ला बेळगावात ते गेले, वय पन्नाशीच्याही आत. त्यांच्या वक्तृत्वाबद्दल आपल्याकडे इतकं बोललं जातं की त्यांनी नेमकं केलं काय, हे विचारायचं राहून जातं. मीही ते बऱ्याच उशिरा वाचलं.

1967 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं गोलकनाथ खटल्यात निकाल दिला की, मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पैंना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की, लोकांनी निवडून दिलेली संसद ही सर्वोच्च. घटना बदलायचा अधिकार लोकांच्या प्रतिनिधींकडे नसेल, तर गरिबाच्या बाजूचे जमीनसुधारणेसारखे कायदे कायम कोर्टात अडकणार. म्हणून त्यांनी लगेच एप्रिलमध्ये एक खाजगी विधेयक मांडलं, संसदेचा तो अधिकार स्पष्ट करणारं.

खाजगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं आणलेलं विधेयक. त्यासाठी लोकसभेत शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते. स्वातंत्र्यापासून आजपर्यंत अशी फक्त 14 विधेयकं कायदा बनली, शेवटचं 1970 मध्ये. म्हणजे हा काही सत्ता मिळवायचा मार्ग नव्हे. तरीही एका विरोधी खासदाराच्या त्या विधेयकानं दोन-तीन वर्षं देशभर वाद पेटत ठेवला. संसद मोठी की घटना मोठी? विधेयक मंजूर झालं नाही. 1970 च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाली, त्यात ते गेलं, आणि पुढच्या महिन्यात नाथ पैही गेले.

पण कल्पना गेली नाही. 1971 मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं 24 वी घटनादुरुस्ती केली. तिचा गाभा साधारण तोच होता, संसदेला घटनेचा कुठलाही भाग बदलता येईल. 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात कोर्टानं ते मान्य केलं, पण मर्यादा घालून. बदला, मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. आणि मग 1975 चा जून आला.

इथं मी दुसऱ्या माणसाकडे येते. प्रा. मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. नाथ पैंच्या जागी 1971 मध्ये आपण त्यांना निवडून दिलं. कोकणी माणूस बाहेरच्याला सहज आपलं म्हणत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण त्यांना पाच वेळा म्हटलं.

आणीबाणीची एक गोष्ट मला कुणी शाळेत सांगितली असती तर नागरिकशास्त्रात माझे गुण वाढले असते. (बाई, तुम्ही हसताय, पण ते 12 गुण मला अजून आठवतात.) 26 जून 1975 च्या सकाळी दंडवते बंगळूरमध्ये होते. संसदेच्या संयुक्त समितीची बैठक होती. वाजपेयी, अडवाणी हेही त्यासाठीच तिथं आलेले. समितीचा विषय होता पक्षांतराला आळा घालणारं विधेयक. खासदारांनी पक्ष बदलू नयेत म्हणून काय करावं, याचा विचार करायला जमलेल्या विरोधी खासदारांना पोलीस घेऊन गेले. दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि प्रमिलाताई पुण्याला येरवड्यात. नवराबायको दोन तुरुंगांतून एकमेकांना पत्रं लिहीत होते.

आणि हे आत असताना बाहेर संसदेत काय होत होतं? घटनादुरुस्त्या. पंतप्रधानांच्या निवडणुकीवर कोर्टात दाद मागता येऊ नये म्हणून 39 वी. मग 1976 मध्ये 42 वी. तिनं लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली, आणि कुठल्याही घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही असं लिहून टाकलं. म्हणजे संसद सर्वोच्च. नाथ पैंचाच मुद्दा. आणि त्यांच्या जागेवर निवडून आलेला माणूस तुरुंगात.

नाथ पै अप्रामाणिक होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट त्यांच्याइतका लोकशाहीवर जीव असलेला माणूस विरळा. अडचण तीच आहे. त्यांनी तो अधिकार मागताना डोळ्यासमोर कशी संसद धरली असेल? माझा अंदाज, स्वतःसारख्यांनी भरलेली. अधिकार मात्र जो येईल त्याच्या हाती पडतो.

माझ्या धंद्यातलं सांगते. आमच्याकडे प्रत्येक मोठ्या सिस्टीमला ॲडमिन असतो. तो काहीही बदलू शकतो, कुणालाही आत घेऊ शकतो, बाहेर काढू शकतो. नवी सिस्टीम उभारताना तरुण इंजिनिअर नेहमी म्हणतात, “ॲडमिनला सगळे हक्क देऊ या, काम पटापट होईल. आपला ॲडमिन चांगला आहे.” मीही म्हणायची. नियम असा असतो की तुम्ही लिहिलेला कोड दुसऱ्या कुणी तरी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी मी माझे हक्क वापरून ती तपासणी टाळली. बदल दोन ओळींचा होता, मला खात्री होती, आणि जिनं तपासायचं ती कायम शंका काढायची. रात्री साडेअकराला फोन वाजायला लागले. शनिवार-रविवार आम्ही नऊजण ऑफिसात. माझी ती कटकटी सहकारी सोमवारी एवढंच म्हणाली, “दुसऱ्या ओळीवर मी प्रश्न विचारला असता.” चूक माझी होती, पूर्णपणे. तेव्हापासून ॲडमिन किती चांगला आहे हे मी बघत नाही. सगळ्यात वाईट माणूस तिथं बसला तर काय होईल, तेवढं बघते.

1977 मध्ये सरकार बदललं. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं बरंच काही परत आणलं. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षं. ‘अंतर्गत अशांतता’ एवढ्या कारणावर आणीबाणी लावता येईना, ‘सशस्त्र बंड’ असे शब्द आले. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागू लागला. जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं ठरलं. ज्या मंत्रिमंडळानं हे केलं त्यात दंडवते होते. नुकतेच तुरुंगातून सुटून सत्तेवर आलेल्या माणसांनी सरकारचे, म्हणजे स्वतःचेच, हात बांधून घेतले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. भाषणांत तिचा उल्लेख क्वचित होतो, कारण तिच्यात टाळ्यांची जागा नाही.

आता फोम.

दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात फळ्या होत्या. लाकडी. रात्रभराचा, दोन-दोन रात्रींचा प्रवास माणसं फळीवर करायची. ज्याची ऐपत असे तो वळकटी न्यायचा. या गृहस्थांनी सांगितलं, फळीवर दोन इंचांचा फोम बसवा. पहिल्या वर्गाची गादी काढून घ्यायची त्यांना गरज वाटली नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचं होतं. 1977 च्याच डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तिला पहिला वर्गच नव्हता. पुढच्या काही वर्षांत देशभरच्या डब्यांतल्या फळ्या गेल्या. आणि 1974 च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांना त्या सरकारनं परत कामावर घेतलं.

समाजवाद हा शब्द मी कॉलेजात ऐकला तेव्हा तो मला जाडजूड पुस्तकांतला वाटला होता. आमच्या हॉस्टेलवर त्यावर भांडणारी मुलं होती, त्यांतल्या एकालाही फोम सुचला नसता. दोन इंच. याची किंमत काढता येते, डबे मोजता येतात, काम झालं की नाही ते बसून बघता येतं. कल्पना खरी आहे का, याची याहून सरळ चाचणी मला माहीत नाही.

1998 मध्ये बारावी करून मी इंजिनिअरिंगला मुंबईला गेले, तेव्हा कुडाळ स्टेशनावरून रात्रीच्या गाडीनं गेले. माझ्या आयुष्यातला पहिला रेल्वेप्रवास. त्याआधी मुंबई म्हणजे एसटी, रात्रभर घाट, आणि मला तर कणकवली यायच्या आतच उलटी. बाबा सोडायला आले होते. त्यांनी बर्थवर हात दाबून बघितला आणि म्हणाले, “बरी आसा गो गादी.” मी तेव्हा विचारसुद्धा केला नाही की ही गादी इथं कुणी घातली आणि ही गाडी इथं कुणी आणली.

गाडीचीही गोष्ट सांगते, थोडक्यात. कोकण रेल्वेची मागणी नाथ पैंच्याही आधीची. दंडवते रेल्वेमंत्री असताना आपटा-रोहा मार्गाला गती मिळाली. पण खरी हालचाल 1990 ची. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री. 19 जुलै 1990 ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. बाकी पैसा रोखे काढून उभा करायचा. हे आकडे पाठ करायला मी मुद्दाम सांगत नाहीये. त्या वर्षी कुठं कुणाचं सरकार होतं ते आठवा. मुंबईत काँग्रेस. बंगळूरला काँग्रेस. केरळात डावी आघाडी. दिल्लीत जनता दल, तेही एका बाजूनं भाजपच्या आणि दुसऱ्या बाजूनं डाव्यांच्या पाठिंब्यावर उभं. एकमेकांना निवडणुकीत नको नको ते बोललेली ही सगळी माणसं एका कागदावर टक्केवारी लिहून सह्या करत होती. दिल्लीतलं सरकार तर चार महिन्यांत पडलं. पुढची सरकारं दुसऱ्या पक्षांची, तरी काम चालू राहिलं. सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही. गोव्यात मार्गावरून मोठं आंदोलन झालं, काम अडलं, आयोग नेमला गेला. कारबुड्याला साडेसहा किलोमीटरचा बोगदा काढावा लागला. आणि 1998 ला गाडी धावली.

दंडवते तेव्हा आपले खासदार नव्हते. 1991 मध्ये आपण त्यांना पाडलं होतं. रेल्वे मंजूर झाल्यानंतर वर्षभरात. आमच्या घरातली दोन मतं त्यांच्या विरोधात गेली होती, हे मला बाबांनीच सांगितलं. मी विचारलं, का? तर म्हणाले, “आता नवो माणूस होयो होतो.” बाबांवर मी चिडले होते. आता चिडत नाही. तोही हक्कच आहे, आणि ज्याला पाडलं त्यानंसुद्धा तो मान्य केला. 2005 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहसुद्धा जे. जे. हॉस्पिटलला दिला गेला.

एक हिशेब मी करून बघितला. लोकसभेत वीस वर्षं. त्यातली मंत्रिपदाची रेल्वे आणि अर्थखातं मिळून जेमतेम सव्वातीन. बाकीची पावणेसतरा वर्षं हा माणूस विरोधी बाकांवर होता. 1984 च्या निवडणुकीनंतर तर समोर 400 हून जास्त खासदारांचं सरकार आणि यांच्या जनता पक्षाचे अवघे दहा. दहा! मतदानात हरणार हे रोज सकाळी माहीत असताना तयारी करून सभागृहात जायचं, प्रश्न विचारायचे, दुरुस्त्या सुचवायच्या. म्हणजे दुसऱ्या ओळीवर शंका काढणाऱ्या माझ्या त्या सहकारीचं काम, सतरा वर्षं.

त्याच 1985 च्या जानेवारीत पक्षांतरबंदीचा कायदा संसदेत मंजूर झाला. तेव्हा एक तृतीयांश फुटले तर चालायचं, 2003 पासून दोन तृतीयांशांचं विलीनीकरण लागतं. फुटायचे थांबले नाहीत, ते आपण महाराष्ट्रात अलीकडेच पाहिलं. कुठल्या बाजूनं पाहिलं ते मी विचारत नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट खुपते. पक्षाचा व्हिप निघाला की खासदारानं स्वतःचं डोकं बाजूला ठेवायचं, नाहीतर जागा जाते. विश्वासदर्शक ठराव, अर्थसंकल्प यांना व्हिप असावा, समजू शकते. पण प्रत्येक विधेयकाला? मग तपासणारं कुणी उरतच नाही. सगळेच न वाचता ‘ठीक आहे’ म्हणणारे. माझं मत विचाराल तर सरकार पडणार नसेल त्या मतदानाला व्हिप नसावा. इथं वकील बसलेत, ते चहाच्या वेळी मला खोडून काढतीलच.

आता ते शेवटचं.

आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप मी काढला. 61 जण होतो. ॲडमिन मी एकटी. गेल्या विधानसभेच्या वेळी ग्रुपवर काय चाललं होतं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. एका रात्री आपल्यातल्या एकानं एक फोटो टाकला, मी त्याला खोटा म्हटलं. तो म्हणाला, सिद्ध कर. मी सिद्ध केलं नाही. मी त्याला काढून टाकलं. रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी, एका बोटानं. ज्यानं नववीत मला पुरातनं ओढा पार करून दिला होता, त्याला. सकाळी त्याच्या बाजूचे अकराजण निघून गेले. मग माझ्या बाजूचे म्हणाले, बरं झालं, आता शांतता आहे. शांतता होतीच. वाढदिवसाला केकची चित्रं आणि बाकी काही नाही. त्याचे वडील गेले, ते मला तीन आठवड्यांनी कळलं.

नंतर मी सवडीनं तपासलं. तो फोटो खोटा नव्हता. जुना होता, आणि खाली लिहिलेलं गाव चुकीचं होतं. त्याच महिन्यात मी स्वतः टाकलेल्या दोन गोष्टी मात्र सपशेल खोट्या निघाल्या. मला कुणी काढलं नव्हतं. काढणारी मीच होते ना!

मी नाथ पै आणि दंडवते वाचायला घेतले ते यानंतर. आवड होती म्हणून नव्हे, झोप येत नव्हती म्हणून.

या मेळाव्यासाठी मी त्याला दोनदा फोन केला. उचलला नाही. परवा मेसेज आला, तीनच शब्द, “मी येतंय. बघूया.” तो आलाय. कुठं बसलाय ते मी सांगत नाही, तुम्ही सगळे वळून बघाल. ग्रुपचे ॲडमिन मी काल रात्री पाच केलेत. दोन माझ्या बाजूचे, दोन त्याच्या, आणि पाचव्या आपल्या गणिताच्या बाई, ज्यांना दोन्ही बाजूंना कान पिळायचा अनुभव आहे. कुणालाही एकट्यानं काढायचं नाही, निदान तिघांनी हो म्हटल्याशिवाय, असं ठरवलंय. व्हॉट्सॲपमध्ये तशी सोय नाही, म्हणून वहीत लिहून पाचही जणांच्या सह्या घ्यायच्या आहेत. बाईंची झाली. वही बाहेर चहाच्या टेबलावर आहे, खाज्याच्या पुड्यांशेजारी. पेन बांधून ठेवलंय.